वाफेपासून लांब

परातीएवढी तिनकुए मधोमध कापली, तर आत पांढरा कच्चा गोळा! श्यूखिमने सुरी ठेवली आणि आधी दार लोटून घेतलं. पुढे दुकानात गिऱ्हाइकं उभी होती.

चिकट तांदूळ आणि काळ्या साखरेची ही वडी नव्या वर्षाला देवापुढे मांडायची. ती कच्ची निघाली म्हणजे सबंध वर्षाला नाट लागला, असं लुकांगमध्ये शेंबडं पोरही सांगेल. आणि निम्मं गाव ती श्यूखिमच्याच दुकानातून नेई. आता चुलीवर दुसरी टोपली चढली होती, ती देवळाची. तीही बिघडली, तर सासऱ्यांनी उभ्या केलेल्या दुकानाची पाटी उतरवावीच लागणार होती.

श्यूखिमच्या डोक्यात एकच नाव घोळत होतं. आहुन. टोपली लावायची ती दुकानातल्या या जुन्या कामकरणीनेच आणि वाफ बघायची तीही तिनेच, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण यंदा वर्ष सरताना चुलीच्या देवाची बोळवण झाली, तेव्हापासून बाईसाहेब वाफेजवळ फिरकत नव्हत्या. कंबर धरलीय म्हणे. आणि मागच्या अंगणात बसून दळलेल्या ओल्या तांदळाच्या पिशव्यांवर पाणी निथळायला दगड चढवत होत्या! कंबर धरलेल्या बाईला दगड बरे उचलवतात? शिवाय रुमाल कानांपर्यंत ओढलेला. फोन आला की भिंतीआड जाऊन कुजबुज.

त्यात तांदूळवाल्या आत्सुआनने पोतं उतरवता उतरवता काडी टाकली.

“वहिनी, तुमची आहुन परवा ल्यावच्या गल्लीत दिसली हो. मान खाली घालून चालली होती. ल्यावला त्याच्या नव्या वड्यांच्या दुकानात जाणती बाई हवीय म्हणे.”

“तुला रे काय करायचंय? तू तांदूळ दे आणि चालू लाग.”

“मी आपलं दिसलं ते सांगितलं. मीठमसाला लावायचा तर अजून बाकीच आहे!”

आत्सुआन हसत गेला. श्यूखिम तडक अंगणाच्या दाराशी गेली.

“आहुन, आत ये. ही टोपली तू बघ.”

“नको बाई. मी इथेच बरी आहे.”

“अंगणात बसून वाफ बघायची, हे ल्यावने शिकवलं वाटतं?”

“ल्यावचं काय मध्येच? मी कशाला जाऊ त्याच्याकडे?”

“मग सकाळची टोपली कुणाच्या पायगुणाने गेली?”

आहुनने चुलीकडे एकदा पाहिलं आणि पुढचा दगड उचलला, तशी श्यूखिमची खात्रीच पटली. तिने आहुनचा दंड धरला आणि तिला चुलीकडे ओढलं. आहुनने चौकट धरून ठेवली. त्या ओढाताणीत रुमाल सुटला. केसांत तागाच्या कापडाचा एक चिमुकला तुकडा खोचलेला होता.

आईबाप गेले की खोचतात, तो. सुतकातल्या माणसाने या वाफेजवळ यायचं नसतं, वडी शिजत नाही. चुलीपुढे वाईट शब्दही काढायचा नसतो. दोघींनी एकदमच टोपलीकडे पाहिलं. श्यूखिम तिला घेऊन मुकाट्याने अंगणात आली.

“आई?”

“हं. झोपेतच गेली. ल्यावच्या गल्लीत ते कागदाचं दुकान आहे ना, तिथून तिच्या नावाने जाळायचे कागद आणले.”

“मला सांगायचं नाही का गं?”

“तुम्ही घरी बसवलं असतंत. घरी काय करू बाई? तिची खुर्ची बघत बसू?” तिने नाक पुसलं. “सकाळी टोपलीच्या कडेची बांबूची नळी बुजली होती. तिच्यातून वाफच वर चढेना. मला दारातून दिसत होतं. पण जवळ यायचं नाही, चुलीपुढे तसलं बोलायचंही नाही. मग गप्प बसले.”

यंदा त्या नळ्या श्यूखिमने स्वतः लावल्या होत्या. तिला लाज वाटली. इतके दिवस ती हिच्या तोंडाकडे बघत होती, ते फक्त चोरी शोधायला.

“चल. नळ्या बघ.”

“बाई, देवळाची टोपली आहे ती!”

“मला ठाऊक आहे कुणाची ते. चल म्हणते ना.”

आहुनने हात धुतले, पुन्हा धुतले. मग बिचकतच चुलीशी गेली आणि काडीने एकेक नळी मोकळी केली. चारी नळ्यांतून वाफ भसाभसा वर आली, तशी ती मागे सरली आणि पुन्हा पुढे झाली.

दिवस कलला तेव्हा टोपली उतरली. काडीला कच्चं पीठ लागलं नाही. देवळाची वडी बाजूला ठेवून श्यूखिमने त्याच टोपलीतली घरची लहान वडी काढली, तिचा अर्धा भाग कापला आणि लाल कागद टाळून साध्या कागदावर ठेवला. सुतकाच्या घरात ही वडी करत नाहीत. आपल्या माणसांनी ती आणून द्यायची असते.

“घे. तुझ्याकडे यंदा व्हायची नाही.”

आहुनने दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबली.

“बाई, एवढी कशाला? मी एकटीच आता.”

श्यूखिमने सुरी उचलून वडीवर टेकवली. पण आईचा वाटा कापून काढायला तिचा हात काही चालेना.