अमेरिकेतली आमदार आत्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुमची आत्या आमदार आहे, पण थेट सातासमुद्रापलीकडे. किन्हीराजा गावाजवळच्या एका खेड्यातल्या रेवतीची आत्या खरोखरच तशी होती. ज्योत्स्नाआत्या म्हणजे रेवतीच्या बाबांची चुलत बहीण; तिचे वडील तरुणपणी अमेरिकेत गेले. ती तिथेच जन्मली, घरात गावचीच बोली बोलत वाढली आणि एकदा निवडणुकीत पडून, दुसऱ्या खेपेला तिथल्या एका राज्याची आमदार झाली.

ती सुट्टीत गावी आली, तर अंगणात अर्ज घेऊन ही रांग! रेवतीनेही अर्ज लिहिला होता. शाळेसमोरून ट्रक सुसाट जायचे. परवा तिचा धाकटा भाऊ थोडक्यात वाचला, म्हणून तिला तिथे गतिरोधक हवा होता.

"आत्या वो, इथं सही करून दे."

"बाई, माह्या सहीनं इथं कायबी होत नाही. मले तिथल्या लोकायनं निवडलं."

"मंग तू आमदार हायेस का नाही?"

"तिथं हाव. इथं मी फकस्त तुही आत्या."

"घ्या! घरची आमदार, अन् काम होत नाही!" रांगेतले म्हातारे दौलतराव हसले.

रेवती पुरती गोंधळली. तिथे तर आई-वडील सोडून आत्याच्या नात्यागोत्याचं कोणीच नव्हतं. "मंग त्यायनं तुले काहून निवडलं?"

"पयले मले कोणी वळखतच नव्हतं. मी घरोघर गेली, दार वाजवलं, अन् इचारलं, तुमाले काय पायजे?"

रेवतीने अर्ज पाहिला. त्यावर तिचं एकटीचंच नाव होतं. आमदार म्हणजे नेमकं कोण, हे तिला अजूनही नीट कळलं नव्हतं. तरी अर्ज आणि पेन घेऊन ती शेजारच्या घरी गेली आणि तिने दार वाजवलं.