भिंतीपाशी ठेवलेली थाळी

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. कोपराच्या आतल्या घडीत शेकडो मुंग्या फिरताहेत, आणि घरचे सगळे म्हणताहेत, "खाजवू नकोस!" जमेल?

कच्छमधल्या विणकराच्या मुलीला, कंकूला, हे रोज जमवावं लागे. तिला इसब झालं होतं. शाळेत जेवण वाढणाऱ्या पुरीबेन तिची थाळी भिंतीपाशी वेगळी ठेवत. "बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलंय? त्यांना लागलं तर!" घरी तिचे बापू, म्हणजे वडील विश्रामभाई, तिला कढत पाण्यानं खसाखसा चोळत. खाज वाढतच होती.

एकदा दवाखान्यातल्या नर्स हलीमाबेन घरी आल्या. त्यांनी सरळ कंकूचा हात हातात घेतला.

"अहो, जपून!" शेजारीच राहणाऱ्या पुरीबेन दारातून ओरडल्या.

"इतकी वर्षं असे हात धरतेय. मला लागली ती फक्त चहाची सवय!" हलीमाबेन कोपऱ्यातल्या हातमागाकडे वळल्या. "विश्रामभाई, सुताला ही पिठाची खळ का लावता?"

"कोरडं सूत पिंजारतं, तुटतं."

"आणि खळ लावलेलं सूत रोज कढत पाण्यानं चोळलं तर?"

"मग खळ राहील कशी?" विश्रामभाई हसले आणि मध्येच थांबले. "अरे राम! मी पोरीची खळच धुतोय की!"

हलीमाबेननी दाखवलं: कोमट पाणी, थोडाच वेळ. अंग टिपायचं, ओलसर असतानाच मलम लावायचं. नखं बारीक. लोकरीच्या शालीखाली सुती सदरा. "आणि खाज कधी वाढते, ते कंकू शोधेल."

"मग मी डॉक्टर?"

"नाही, हेर!"

हेरानं लगेच विचारलं, "पण हे दुसऱ्याला लागत का नाही?"

"तुझ्या कातडीचा स्वभावच नाजूक आहे. स्वभाव कुणाला लागतो का?"

"लागत असता," विश्रामभाई म्हणाले, "तर पुरीबेनचा साऱ्या गावाला लागला असता!"

"हसा, हसा!" म्हणत पुरीबेन गेल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळेत कंकूची थाळी भिंतीपाशी ठेवावी की ओळीत, अशा त्या घुटमळल्या. कंकूनं ती घेतली आणि थेट वर्गातल्या रतनशेजारी बसली. "हात लाव. उद्या तुला खाज आली, तर मी आपणहून भिंतीशी जाईन."

रतननं भीत भीत एक बोट टेकवलं.

उद्या उजाडला. रतन दोन्ही हात उलटेसुलटे करून ओरडली, "काही नाही!"

बाळांनो, इसब शिवल्यानं होत नाही. वेगळं बसवल्याचं दुःख मात्र होतं, आणि त्यावर दवाखान्यात मलम मिळत नाही. ते आपल्याच हातात आहे.

पुरीबेननी पळी खाली ठेवली. "चुकलंच माझं. बघू गं तो हात."

कंकूनं आधी त्यांची बोटं निरखली. "नखं कापलीत ना, पुरीबेन?" आणि मगच आपला हात पुढे केला.