समुद्राच्या दारात मुराळी

केरबाची जीप रस्त्यानं निघाली की शेतातले बैल तिच्याकडे बघून हळहळायचे. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती जीप. ब्रेक दाबला की आधी हॉर्न वाजायचा, आणि मग ती सवडीनं थांबायची. कुंभार्ली घाट उतरताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांना ओलांडून पुढं गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. आज ती जीप नाही, केरबाही नाही, आणि घाटरस्ता रुंद झाला. कुणाला खरंखोटं करायचंच असेल तर साक्षीला मी एकटा उरलोय.

बहात्तरचा दुष्काळ सरून उसाला पुन्हा पोटभर पाणी मिळायला लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. आमचं गाव कृष्णाकाठचं, कुंडलपासून जवळ. जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. चालवायला केरबा, शेजारी त्याची बायको राहीबाई, मागं पेन्शनर हवालदार तात्याबा आणि त्यांच्या मंडळी हरणाबाई. पाचवा मी. घाटात जीप ढकलायला तरणा गडी हवा म्हणून मला घेतलेलं, पण गावात मी सांगितलं की मला समुद्राची माहिती आहे म्हणून नेतायत.

हरणाबाईच्या मांडीवर फडक्यानं बांधलेली बुट्टी होती. आत कानवले, शेंगदाण्याचे लाडू, हिरवा खण, नारळ आणि बांगड्या. घाटातल्या प्रत्येक वळणाला आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होतो, पण ती बुट्टी जागची हलली नाही. ती कृष्णामाईची शिदोरी होती.

ते असं झालं होतं. हरणाबाईची एकुलती एक लेक शालू, फलटणकडं बागायतदाराच्या घरी दिलेली. लग्नात तात्याबांनी पंगत बसवली ती पलटणीच्या शिस्तीनं. आधी सुभेदार, मग हवालदार, मग नाईक, मग शिपाई, आणि ज्यांना हुद्दा नाही ते सगळे सिव्हिलियन शेवटी. व्याही पडले सिव्हिलियन. चाळीस एकर ऊस असलेला माणूस आमच्या गावच्या एका लान्स नाईकाच्या उष्ट्या पत्रावळी उचलेपर्यंत ताटकळत उभा राहिला. त्यांनी तिथं चकार शब्द काढला नाही. पण दिवाळीला शालूला आणायला तात्याबांनी पुतण्याला मुराळी म्हणून धाडला, तर व्याह्यांनी त्याला चहा पाजून रिकामा परत लावला. निरोप दिला की मुराळी म्हणून बापानं स्वतः यावं, आमच्या उंबऱ्यात उभं राहून लेक मागावी, मग पाठवू. लेकीला माहेरी न्यायला भाऊच यावा अशी आमच्याकडची रीत, पण शालूला भाऊ नव्हता. तात्याबा म्हणाले, मी इटलीत जर्मनापुढं मान वाकवली नाही, फलटणात वाकवणार नाही.

दोन दिवाळ्या लेकीवाचून गेल्या. तेव्हा हरणाबाई नदीच्या घाटावर गेली आणि कृष्णामाईला बोलली, की बाई, तू इथनं रोज सासरला जातीस, तुझ्या माहेरचं कुणी कधी तुझ्या मागं आलं नाही. तुझ्या सासरी तुझी शिदोरी मी पोचवते. तू माझी लेक घेऊन ये.

आता नदीचं सासर म्हणजे समुद्र, हे लहान पोरालाही ठाऊक. आणि समुद्र कोकणात. शिवाय कोयनेचं धरण झाल्यापासून पाणी डोंगर पोखरून कोकणात सोडतात आणि त्याची वीज करतात, हे आमच्या चावडीवर इतक्यांदा बोलून झालं होतं की आपलं सगळं पाणी त्या बोगद्यातनंच जातं अशी हरणाबाईची पक्की समजूत होती. कुणी शंका काढली नाही. मी तर बोगद्यातनं आमच्या गावची एक म्हैस वाहत गेल्याचंही सांगून ठेवलं होतं.

केरबा चिपळूणला गूळ घालायचा, तिथं त्याची धाकू तांडेल नावाच्या, मासे धरणाऱ्या खारव्याशी ओळख होती. रात्री आम्ही चिपळूणच्या धर्मशाळेत पडलो आणि सकाळी धाकूनं जीपमध्ये बसून वाट दाखवत आम्हाला समुद्रावर नेलं. काळा कुळकुळीत माणूस, अंगात फाटकी बंडी, आणि पाय असे की कातळावर पडले की कातळालाच बोचावेत. दिवसभर किनाऱ्यानं चालवतो म्हणाला, फक्त मी सांगेन तिथं पाय ठेवा आणि मी सांगेन तेव्हा उठा.

तसा किनारा मी पुन्हा पाहिला नाही. हल्ली नातवंडं मला गाडीतनं नेतात, तिथं भजी मिळतात, उंट असतो. तेव्हा काही नव्हतं. डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, त्याच्या कुशीतनं शेळीच्या वाटेएवढी वाट. खाली लाट कपारीत शिरायची आणि आत कुणीतरी दरवाजा आपटल्यासारखा आवाज यायचा. एके ठिकाणी खडकाला भोक होतं, त्यातनं पाणी ताडाएवढं उंच उडायचं. त्या पाण्याबरोबर एक मासा वर गेला आणि आम्ही तिथं होतो तोवर काही खाली आला नाही. वाळत टाकलेल्या मासळीच्या वासानं राहीबाईनं नाकाला पदर लावला तो फक्त भाकरी खाण्यापुरता काढला, आणि केरबाला म्हणाली की लग्नात अत्तर लावून आला हुतासा तवा असाच वास हुता.

पहिल्यांदा समुद्र नीट समोर आला तेव्हा मात्र सगळे जागीच थांबले. केरबानं बराच वेळ डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "येवढं पाणी, आन् एक सरी भिजत न्हाई ह्यानं."

दुपारी धाकूनं आम्हाला पाण्यात घुसलेल्या एका सपाट कातळावर बसवलं. कातळ आणि किनारा यांच्यामध्ये कोरड्या वाळूची पट्टी होती. तिथं आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. धाकू म्हणाला, भरती लागेल, वाळू भिजायच्या आत परत फिरू. थोड्या वेळानं त्या पट्टीत पाण्याची एक जीभ आली. केरबा ताडकन उठला. उसाला पाणी पाजताना सरीचं तोंड कुणी फोडलं की पाणी असंच मुकाट येतं, त्याला आम्ही दारं मोडणं म्हणतो. वरनं कुणी दारं मोडलं, आज पाळी कुणाची, असं विचारत त्यानं धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी वाळूचा बांध घालायला लागला. जन्मभर पाण्याला वळण लावलेला माणूस. धाकू हसून हसून खाली बसला. समुद्रानं तो बांध एकदा हुंगला आणि पुसून टाकला.

धाकू म्हणाला, आता चला. तेव्हा हरणाबाईनं बुट्टीचं फडकं सोडलं. म्हणाली, मला एवढं काम करून घेऊ द्या. धाकूनं विचारलं, कुणाची ओटी भरता? तिनं सांगितलं, कृष्णामाईची, तिच्या सासरी आलोय.

धाकूला त्यात लपवण्यासारखं काय असणार. तो सहज म्हणाला, "कृष्णा नाय हो येत आमच्याकडं. आमच्याकडं वाशिष्ठी येते. कृष्णा गेली तिकडं, उगवतीच्या समुद्राला."

हरणाबाईनं केरबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी समुद्राचा माहितगार, मी खेकडा बघायला लागलो. केरबानं मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला, की वैनी, कोयना तर येती बोगद्यातनं, कोयना म्हंजी कृष्णेची सख्खी बहीण, धाकटी हितं दिलीया असं समजा. पण हरणाबाईची नजर तोवर तात्याबांवर जाऊन थांबली होती. तात्याबा अटेन्शनमध्ये उभे होते आणि आभाळाकडं बघत होते.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

तात्याबांनी आभाळावरची नजर खाली आणली नाही.

"आवं, तुमी सांगत हुतासा की. पलटणीच्या गाडीतनं जाताना पार उगवतीकडं बेजवाड्याला कृष्णा लागली, म्हणून पुलावर हात जोडले. मला आत्ता ध्यानात आलं."

तात्याबा म्हणाले की त्यांना वाटलं, तिची समजूत आहे, तर नवस फिटल्याचं समाधान तरी मिळेल, आणि मग देवाच्या मनात असेल तर व्याह्यांनाच बुद्धी होईल.

"म्हंजी नदीनं जावं, म्या जावं, पर तुमी जायाचं न्हाई," हरणाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बारा गावं तुडवून मला चुकीच्या दारात आणलंसा. आन् बरूबर दार हुतं, त्या दाराला जायाला तुमची मान दुखती."

आणि ती बुट्टी मांडीवर घेऊन कातळावर खाली बसली.

धाकू म्हणाला, बाई, पाणी वाढतंय. राहीबाई म्हणाली, हरणे, ऊठ. मी म्हणालो, काकी, उठा. एव्हाना पट्टीत घोटाभर पाणी झालं होतं. धाकूनं आम्हाला हाताला धरून धरून पलीकडं किनाऱ्यावर काढलं. तात्याबाही निघाले, कारण त्यांना वाटलं आपण निघालो की बायको मागोमाग येईल. तशी ती जन्मभर आली होती. या वेळी आली नाही. ती तिथनंच म्हणाली, "मी हितंच बसती. माझ्या माहेरचं कुणी मुराळी आलं न्यायाला, तर बघू."

तिच्या माहेरी कुणी उरलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पाणी गुडघ्याला आलं. धाकू तिला उचलून आणायला निघाला, तर राहीबाईनं त्याच्या बंडीला धरून त्याला थांबवलं. मग तात्याबांकडं वळून म्हणाली, "भावजी, आता तुमीच माहेर आन् तुमीच मुराळी. जावा. आन् रीतीनं मागा, हुकूम सोडू नगा."

तात्याबांनी वहाणा काढल्या. फेटा नीट केला. पाण्यात उतरले तेव्हा त्यांचं धोतर फुगून त्यांच्याभोवती तंबूसारखं उभं राहिलं. एका लाटेनं त्यांना कातळाला टेकवलं, दुसरीनं परत मागं आणलं, पण ते पोचले. हरणाबाईपुढं उभे राहून ऊठ म्हणाले. तिनं मान हलवली आणि हातानं समुद्राकडं दाखवलं. मी कुणाच्या घरी बसलेय, त्यांना विचारा, असा तिचा अर्थ होता.

मग मी जे पाहिलं ते बरोबर सांगतो, यात माझी एक ओळही पदरची नाही. तात्याबा वळले. समोर पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी एकदा आमच्याकडं पाहिलं, आणि हात जोडले.

"व्याही," ते म्हणाले. मग थांबले. लाट आली, तोंडावर फुटली. मिशीतनं पाणी गळत होतं. "व्याही, पंगतीला चुकलं आमचं. पदरात घ्या. लेक चार दिवस आमच्याकडं धाडा. तिच्या आईला करमंना." आणि मग अगदी हळू, पण वारा आमच्याकडं होता म्हणून ऐकू आलं, "मलाबी करमंना."

हरणाबाई उठली. उठताना एक मोठी लाट आली आणि बुट्टी उलटली. कानवले, लाडू, खण, नारळ, सगळं पाण्यावर पसरलं आणि बघता बघता आत गेलं. तिनं क्षणभर पाहिलं. म्हणाली, "आसू द्या. धाकट्या भनीच्या घरी पोचलं." मग नवऱ्याचा हात धरून ती कमरेएवढ्या पाण्यातनं चालत आली. त्या दोघांना हात धरून चालताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. राहीबाईनं नाकावरचा पदर काढला आणि डोळ्यांना लावला.

वाटेत कुणी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला जीप आली, तिथनं डावीकडं सातारा, समोर आपलं गाव. केरबानं नुसतं मागं वळून पाहिलं. तात्याबा म्हणाले, "लेफ्ट टर्न."

फलटणच्या अलीकडं व्याह्यांची वस्ती. आम्ही पोचलो तेव्हा व्याही अंगणात उघड्याबंब अंगानं दाढी करत बसले होते, निम्म्या गालाला साबण होता. तात्याबा जीपमधनं उतरले ते थेट उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. कपडे मिठानं कडक झालेले, चालताना वाजत होते. हात जोडले आणि जे समुद्राला म्हणाले तेच म्हणाले, शब्दाला शब्द. समुद्रापुढं जिथं थांबले होते, तिथंच थांबलेही.

व्याह्यांच्या हातात वस्तरा तसाच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "हवालदार, तुमी येणार, तवा काय काय सुनवायचं ते दोन वर्सं मनात घोकत हुतो. पर तुमी हे असं म्हणाल, ह्ये धरलंच नव्हतं." आणि तोंड पुसायला म्हणून पंचा घेतला, तो तोंडावरनं लवकर काढला नाही.

शालूचं गाठोडं चहा उकळायच्या आत बांधून झालं होतं. व्याह्यांनी स्वतः उसाची एक मोळी जीपच्या टपाला बांधली. मोळी एवढी मोठी, की घरी येईस्तोवर जीप खाली आणि ऊस वर असं न दिसता लोकांना नुसता ऊसच चालत जाताना दिसला.

पुढच्या सीटवर हरणाबाई आणि शालू बसल्या, एकीच्या मांडीवर दुसरीचा हात. राहीबाईला आणि मला मागं गाठोड्यांत जागा मिळाली. तात्याबा स्टेपनीवर बसले. सगळ्या वाटेनं धूळ त्यांच्या तोंडावर येत होती. केरबानं एकदा विचारलं, हवालदार, पुढं बसता का, जरा सरकतील त्या. तात्याबा म्हणाले, नको, हितनं पोरीच्या पाठीवरची येणी दिसती.