भावापायी लागलेली खोड

मित्रांनो, मी यवतमाळच्या एका दुकानात उभा असलेला स्पीकर आहे. वरातीपुढे छाताड बडवत जाणाऱ्या जातीचा नव्हे. खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकावे असा. जोडीतला मी डावा. उजवीकडे माझा जुळा भाऊ उभा असतो.

आमचा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी आम्हा दोघांचे आवाज ताडून पाहिले आणि तसूभरही फरक नाही अशी खात्री झाल्यावरच आम्हाला खोक्यात घातले. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पुढे काय वाढून ठेवले आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक?

आमचा दुकानदार पियूष. घरात सगळे नोकरदार, त्यामुळे घासाघीस त्याला कधी जमली नाही. माणूस मात्र सरळ. गिऱ्हाईक यायचे, "डीजेले चालते का?" विचारायचे, किंमत ऐकायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे. वर्षे गेली. आम्ही दाखवण्यापुरतेच वाजत राहिलो.

मग एक दिवस इंद्रजीत आला. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचा हा तरुण शाळेत शिक्षक होता. तांड्यावर होळीला डफाच्या तालावर लेंगी गातात. ती त्याने दोन माइक लावून टिपून ठेवली होती. एका माइकपाशी त्याचे वडील धावजी गात होते, दुसऱ्यापाशी त्यांचा जन्माचा सोबती फुलसिंग. पुढची होळी फुलसिंगने पाहिली नाही.

पियूषने ते गाणे लावले. उजव्यातून धावजी गाऊ लागले आणि माझ्यातून फुलसिंग. इंद्रजीत जागचा हलला नाही. "काका समोर बसून राह्यले असं वाटते," एवढेच तो म्हणाला. त्यानंतर एसटीने येऊन तो किती वेळा ते गाणे ऐकून गेला! त्याच्या घरी जायचे, या विचाराने मी अगदी हरखून गेलो होतो.

"हे दाखवायला ठेवलेले नग आहेत," पियूष त्याला म्हणाला. "यावर सूट मिळणं तुमचा हक्कच आहे. वडिलांना घेऊन या, बसून ठरवू." कारण इंद्रजीतच्या घरात मोठी वस्तू धावजींनी सौदा केल्याशिवाय येत नसे, आणि धावजींची उभी हयात बैलबाजारात गेली होती.

धावजी आले. गाणे सुरू झाले. त्यांची बोटे मांडीवर ताल धरू लागली. मग माझ्यातून फुलसिंगचा आवाज निघाला आणि बोटे थांबली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. मी समोर होतो, मला दिसले. पण बाजारात मुरलेला माणूस तो! जो बैल मनात भरला त्याचीच खोड काढायची, ही तिथली रीत. फेट्याच्या टोकाने डोळे पुसून ते म्हणाले, "उजवा बरा हाय. पण हा डावा मंद बोलून राह्यला. असा बसक्या आवाजाचा माल कायले दाखवता, भाऊ?"

पियूषचा चेहरा पडला. सूट तो देणारच होता, नुसती मागायची खोटी होती. त्याने तारा बदलल्या, आमच्या जागा बदलून पाहिल्या, पुन्हा होत्या तशा ठेवल्या. "काका, काही दोष नाही हो."

"तुमचे कान अजून कवळे हायेत. मले खोड दुरून समजते."

पियूष भावात एक पायरी उतरला, मग आणखी एक. शेवटी त्याने असा भाव सांगितला की त्यात त्याचे स्वतःचेच नुकसान होते. धावजींनी त्याच्या हातावर टाळी दिली. "जमला सौदा!"

"बा, नको," इंद्रजीत हळूच म्हणाला.

"काहून?"

"डावा खरंच मंद हाय. मले आतापर्यंत समजलंच नव्हतं. फुलसिंगकाका दबून जातात त्याच्यात."

"अबे येड्या, थे म्या भाव पाडाले बोललो! त्याच्यात काईच खोड नाई. फुलसिंगच थकला होता त्या होळीले."

"आता तू मायी समजूत काढून राह्यला."

गाणे पुन्हा लावले. होते नव्हते ते सारे मी ओतले. इंद्रजीत मान वाकडी करून ऐकत राहिला. तो आता फुलसिंगला ऐकत नव्हता, खोड शोधत होता. थोड्या वेळाने त्याने पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला. धावजी दारापर्यंत सांगत गेले, "आयक तरी लेका, म्या खोटं बोललो." मुलगा पुढे निघून गेला होता.

मित्रांनो, भाव जरूर करा. दाखवण्यातला नग असेल तर सूट मागा, चार दुकाने फिरा, नाही पटले तर सरळ उठा. पण भाव पाडायला खोटी खोड काढू नका. ती परत घेता येत नाही. धावजींना कुठे आली?

त्यानंतर पियूष येणाऱ्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगू लागला, "एकांना डावा मंद वाटला होता." मग मी प्रत्येकालाच मंद वाटू लागलो. शेवटी पियूषलाही तसेच वाटू लागले. मागच्या आठवड्यात त्याने माझी तार काढून टाकली. आता उजवा एकटाच वाजतो, आणि जोडीतला एकटा स्पीकर कुणी विकत घेत नाही.