गाडी बंद करायची नाही

प्रेमानंद गजघाटे एकतीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं गाडी घेतली आणि धूळ लागू नये म्हणून झाकून ठेवली. दोन महिन्यांनी किल्ली फिरवली की ती नुसती टकटक करायची.

"अर्ध्या विदर्भाले करंट दिला तुम्ही," त्यांच्या बायको प्रेमिलाबाई म्हणायच्या, "आन् घरची गाडी चालू नाही होत."

शेवटी पुण्याच्या मुलीनं, नंदिनीनं, एक डब्बा पाठवला. विटेएवढा, एक लाल चिमटा, एक काळा. चिमटे गाडीच्या बॅटरीला लावायचे, किल्ली फिरवायची, की गाडी सुरू. प्रेमानंदांनी सोबतची पुस्तिका दोनदा वाचली. जुनी झालेली बॅटरी बदलावी, हा डब्बा तात्पुरती सोय आहे, या वाक्याखाली त्यांनी पेनानं रेघही मारली.

शेजारचे चंपतराव भोयर, निवृत्त मास्तर, यांच्याशी त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण पार्किंगचं होतं. एका सकाळी चंपतरावांची गाडी नेमकी गजघाट्यांच्या गेटसमोर बंद पडली. ती तिथेच ठेवायची की चालू करून द्यायची, एवढाच प्रश्न होता. प्रेमानंद डब्बा घेऊन आले. मिनिटभरात इंजिन घुरघुरलं.

"भारी चीज आहे गा," चंपतराव म्हणाले. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

बातमी कॉलनीभर झाली. महिन्यातून एकदा फिरणाऱ्या गाड्या घरोघरी होत्या. लोक सकाळी चहाच्या वेळेला बोलवायला येऊ लागले. प्रेमानंद पुस्तिकेतलं वाक्य वाचून दाखवायचे, तर लोक म्हणायचे, "नवी बॅटरी कायले? तुम्ही आहा ना." नोकरीत कधी मिळाला नव्हता एवढा मान मिळत होता. त्यांची स्वतःची गाडी मात्र झाकलेलीच राहिली.

मग मौद्याला प्रेमिलाबाईंच्या बहिणीच्या मुलीचं, दीप्तीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. निघायच्या दिवशी गाडी टकटकली. डब्ब्याचा एकच दिवा लुकलुकत होता. आदल्या दिवशी त्यानं पाच गाड्या सुरू केल्या होत्या आणि तो चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. चिमटे लावले. तो शेवटचा दिवाही विझला.

प्रेमिलाबाई चांगली साडी नेसून पायरीवर बसल्या.

तेवढ्यात चंपतराव बाजारातून गाडी घेऊन परतले. "बसा," ते म्हणाले. "मी सोडून देतो. पण एक आहे. सकाळी मोठ्या मुश्किलीनं चालू झाली. गाडी बंद नाही करता येणार. बंद झाली तं चालू कोण करन? तुमचा डब्बाच खतम."

मौद्याला पोचल्यावर प्रश्न आला, चालू गाडीत बसणार कोण.

"मले शुगर आहे," चंपतराव म्हणाले. "घडीघडी उठा लागते."

एकतीस वर्षं पॅनेलसमोर काट्यावर नजर ठेवून बसलेला माणूस एकच होता. प्रेमानंद मंडपाबाहेर रस्त्याच्या कडेला बसले आणि इंजिनच्या तापमानाचा काटा पाहू लागले. आत त्रिशरण-पंचशील सुरू झालं. त्यांनी काच खाली केली आणि स्टिअरिंगसमोर हात जोडून सोबत म्हटलं.

त्यानंतर लाउडस्पीकरवर मुलाकडचे कोणी म्हणाले, "आता मुलीकडच्या मोठ्या जावयांचा सत्कार." प्रेमानंदांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि दार उघडलं. इंजिन घुरघुरत होतं. त्यांनी दार परत लावून घेतलं. आत टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळानं चंपतराव त्यांच्यासाठी ताट घेऊन बाहेर आले. अंगावर शाल होती.

"मी नाही नाही म्हणून राहिलो होतो," ते म्हणाले. "पण माइक त्यायच्या हातात होता."

"प्रेमिला काय म्हणाली?"

"हासून राहिली."

प्रेमानंद गाडीतच जेवले. परतताना चंपतरावांनी शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. प्रेमानंदांनी ती घेतली नाही. मागच्या सीटवर प्रेमिलाबाईंना पुन्हा हसू आवरेना. मौद्याच्या पुढे कुठेतरी प्रेमानंदही हसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरी नव्या बॅटऱ्या आल्या. कॉलनीला हे आवडलं नाही. ज्यांच्यासाठी डब्बा सोय होता, त्यांना आता वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं. प्रेमानंदांनी डब्बा सोसायटीच्या ऑफिसात देऊन टाकला. तिथं तो कोण चार्ज करणार यावर एक बैठक झाली आणि दुसरी व्हायची आहे.

मेकॅनिकनं सांगितलं होतं, आठवड्यातून अर्धा तास तरी फिरवत जा. म्हणून आता रविवारी सकाळी गजघाटे नवराबायको कळमेश्वर रस्त्यानं निघतात.

"कुठं चाललो?" पहिल्या रविवारी प्रेमिलाबाईंनी विचारलं होतं.

"कुठंच नाही वं. बॅटरीले फिरवून राहिलो."

तेव्हापासून प्रेमिलाबाई त्यासाठीही चांगली साडी नेसतात.