नाराचा नवस

डफाची थाप थांबली की सगळ्या मुलींनी एका सुरात म्हणायचं असतं, ‘आबा, शब्द दिलात ना, मग माझं काय ते करा.’ यंदा थाप थांबली, मुली म्हणाल्या, आणि नारा ओठ मिटून बसून राहिली. डफ हेलाह आत्याच्या हातात होता. तिने नाराकडे बघत पुन्हा एक थाप मारली, मुली पुन्हा म्हणाल्या. नाराचे ओठ काही उघडले नाहीत.

गिलाद मुलखातल्या बायका-पोरी दरसाल चार दिवस या डोंगरावर येतात, त्या एका मुलीसाठी रडायला. तिचा बाप गिलादचा सरदार. लढाईला निघताना तो देवाला नवस बोलला, जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुझ्या वेदीवर जाळीन. त्याला वाटलं असेल, बोकड येईल, नाहीतर कोंबडं-कुत्रं. आली लेक, डफ वाजवत, नाचत. बापाने अंगावरचे कपडे फाडले, ऊर बडवून घेतला, पण नवस काही मागे घेतला नाही. लेकीने दोन महिने मागून घेतले, मैत्रिणींबरोबर याच डोंगरांवर हिंडली आणि आपल्या पायांनी घरी परत गेली. पुढचं बायका गात नाहीत.

गेल्या सालापर्यंत नाराही म्हणायची, चांगली गळा काढून. पण मधल्या काळात तिच्याच बापाने तोंड उघडलं होतं. शेजारच्या अम्मोन मुलखातल्या लुटारूंनी त्याचा, हेफेरचा, सगळा कळप हाकून नेला, तेव्हा गावातले पुरुष वेशीत नुसते दाढ्या कुरवाळत बसले. हेफेरने डोक्यात राख घालून घेतली. उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, परमेश्वर साक्षी आहे, जो माझा कळप परत आणेल त्याला मी माझी लेक देईन. नवव्या दिवशी शोबल शेळ्या घेऊन दारात हजर.

शोबल पन्नाशीचा. घरात दोन बायका. पहिली दोनदा माहेरी पळून आली होती आणि दोन्ही वेळा भावांनी तिला परत नेऊन सोडलं. दुसरी पळाली नाही, ती बोलायचीच थांबली. अशा घरात नाराला जायचं होतं, कापणी संपली की लगेच.

“गाण्यावर रुसलीस का गं?” आत्याने शेजारी बसत विचारलं.

“आत्या, ती मुलगी ‘नाही’ का म्हणाली नाही?”

“मला विचारतेस? चाळीस वर्षं डफ वाजवतेय मी. दरसाल वाटतं, यंदा तरी म्हणेल.”

नारा उठली. आत्याच्या आणि सगळ्या मुलींच्या देखत तिने उजवा हात वर केला आणि नवस बोलली. ज्या घरात मला कुणाच्या नवसाची फेड म्हणून नेतील, त्या घरात मी भाकरीचा तुकडा मोडणार नाही, पाण्याचा घोट घेणार नाही, जीव गेला तरी. शब्द एकही अडखळला नाही. मुलींनी तोंडावर हात ठेवले. आत्याने डफ खाली ठेवला.

नवसाचा आमचा रिवाज असा. पुरुष बोलला की संपलं, ती दगडावरची रेघ. विधवेचंही तसंच, तिला अडवायला घरात कुणी उरलेलं नसतं. पण बापाच्या घरातली मुलगी नवस बोलली, तर बापाला तो मोडता येतो. ज्या दिवशी त्याच्या कानावर पडेल त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, ‘मला मान्य नाही’ एवढंच म्हणायचं. मुलगी मोकळी होते, देव तिला दोष देत नाही. बाप मूग गिळून बसला आणि दिवस मावळला, तर मात्र नवस पक्का. मग तो खुद्द बापालाही मोडता येत नाही.

डोंगर उतरताना आत्याने सगळी मसलत दिली. बापाला सांगायचं, पण सूर्य पार डोंगराला टेकल्यावर. “माझा सख्खा भाऊ आहे तो,” ती म्हणाली. “शेळी हरवली हे कळायलाच त्याला अर्धा दिवस लागतो. तोंड उघडेपर्यंत चांदण्या दिसतील.” नारा हसली आणि हो म्हणाली.

सकाळी ती दूध काढायला गोठ्यात गेली, तर हेफेर उकिडवा बसून शेळ्यांचे वाढलेले खूर काढत होता. तिला बघून म्हणाला, आलीस, हिचा पाय धर जरा. नाराने पाय धरला. बाप हलक्या हाताने सुरी चालवत होता, शेळीशी काहीबाही पुटपुटत होता, आणि नाराला एकदम वाटलं की हे संध्याकाळपर्यंत नाही जमायचं. चोरून मिळवलेला दिवस तिला नको होता. उद्या हा पंचांसमोर म्हणेल, पोरीने मला फसवलं, आणि जन्मभर ते खरंच असेल. तिने शेळीचा पाय न सोडता सगळं सांगून टाकलं, शब्दन् शब्द.

सुरी थांबली. शेळीने हिसडा दिला. हेफेरने बराच वेळ लेकीकडे बघितलं.

“दुसरा पाय धर,” तो म्हणाला.

तेवढंच. त्यानंतर तो दुपारपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलला नाही. आत्याला कळलं तेव्हा ती तणतणत आली, अगं बये, सबंध दिवस दिलास त्याला, आता तो सावकाश विचार करून मोडेल. नारा म्हणाली, मोडू दे, पण माझ्या डोळ्यांत बघून मोडू दे. आत्याने कपाळावर हात मारला आणि जात्याशी जाऊन बसली.

जात्यावर माखा, नाराची आई, सातू दळत होती आणि रडत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. नवऱ्याचा नवस मोडला तर देव घर मोडेल. म्हणजे नाराला जावंच लागणार. आणि नवस अंगावर घेऊन गेली तर ही हट्टी पोर त्या घरात उपाशीतापाशी मरेल. दुपारी ती पदराला हात पुसत हेफेरपुढे जाऊन उभी राहिली.

“एक शब्द बोला आणि तिला सोडवा. गप्प राहून मारू नका तिला.”

हेफेरने मान वर केली नाही. नारा उंबऱ्यातून बघत होती. बापाचं मौन आपल्या बाजूचं आहे की नुसतं रागाचं, हे तिला काही केल्या कळत नव्हतं. राग आला की तो असाच दोन-दोन दिवस बोलायचा नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

उन्हं कलली तेव्हा शोबल आला. डोंगरावरची गोष्ट त्याच्या कानावर पोचली होती, कारण मुली सहाजणी होत्या आणि गाव एक होतं. त्याने बरोबर दोन पंच आणले होते. माखाने पाणी आणलं, पंच प्यायले, शोबलने भांडं तसंच खाली ठेवलं.

“हेफेरदादा,” तो म्हणाला, “पोरी डोंगरावर जातात, काय वाट्टेल ते बोलतात. तुमच्या कानावर आलं नसेल म्हणून आलो.”

ही त्याने उघडी ठेवलेली वाट होती. ऐकलंच नाही असं हेफेर म्हणाला असता, तर ऐकण्याचा दिवस आज उजाडलाच नसता. उद्या, परवा, सवडीने ऐकून नवस मोडता आला असता. पंचांनी माना हलवल्या. त्यांनाही तेच हवं होतं.

हेफेरने सुरी धोतराला पुसली.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “आज सकाळी, खूर काढताना. पोरीने तोंडावर सांगितलं.”

नाराने दाराची चौकट धरली. थोरला पंच घसा साफ करून म्हणाला, “मग मोडून टाक, हेफेर. दोन शब्द आहेत. तुझा नवस तुझ्या डोक्यावर आहे, तो आधीचा.”

हेफेर पुढची शेळी ओढून घेऊन बसला. खूर काढत राहिला. शोबल उभाच होता, एकदा त्याच्याकडे आणि एकदा डोंगराकडे बघत. सूर्य टेकला, अर्धा गेला, मग नुसती कड राहिली. थोरल्या पंचाने दोनदा नावाने हाक मारली, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. शेळी ओरडली. कड गेली.

मग हेफेर उठला आणि त्याने गोठ्याचं फाटक उघडलं.

“शोबल, कळप घेऊन जा. सगळा.”

“मी शेळ्यांसाठी नव्हतो गेलो.”

“मला माहीत आहे. पण माझ्याकडे दुसरं द्यायला काही नाही.”

“आणि परमेश्वराला काय सांगणार?”

“ते माझं मी बघेन.”

थोरला पंच म्हणाला, नवस मोडणाऱ्याला आम्ही वेशीत आमच्यात बसवू शकत नाही, तुला ठाऊक आहे. हेफेर म्हणाला, ठाऊक आहे. शोबलने जरा वेळ नाराकडे बघितलं, मग काठी आपटली आणि शेळ्या हाकल्या. शेवटची शेळी आढेवेढे घेत होती, तिला हेफेरनेच बाहेर काढलं. फाटक लावायची आता गरज नव्हती, तरी त्याने ते लावलं.

नारा त्याच्यापाशी गेली. आज देवाशी त्याने जे केलं होतं ते गिलादमध्ये कुणी केल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

“आबा, आता काय होईल?”

“कुणास ठाऊक.” तो उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसला, अंगणाकडे तोंड करून. “यायचं ते इकडूनच येईल. मी बसतो इथे. तू आत जा.”

ती हलली नाही.

“तुझ्या नवसात या घरच्या भाकरीचं काही नाही ना?”

“नाही, आबा.”

“मग जा,” हेफेर म्हणाला. “सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस.”