रिजेक्ट मालातलं भूत

ज्या भुताला बघून निम्म्या महाराष्ट्राची पोरं लाइट चालू ठेवून झोपतात, त्या भुताला मी रोज सकाळी चहा देते. साखर कमी, आलं जास्त. पिक्चरचं नाव सांगत नाही, आमच्या घरात ते घ्यायची बंदी आहे. पण तुम्ही ओळखलं असणार. बंद पडलेली कंपनी, धूळ बसलेल्या मशिनी, आणि त्यांच्यामधून सावकाश चालत येणारा तो पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस. तो ओरडत नाही, पळत नाही. नुसता येऊन बघतो. आता वाकडच्या मॉलमध्ये त्याचे मुखवटे मिळतात आणि आयाबापं पोरांना ते घालून फोटो काढतात.

तो चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे. हे ठाऊक असलेली माणसं तीन: मी, आमचे हे आणि चिखलीचा समाधान.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव चाकणच्या अलीकडं, जमिनी कंपन्यांत गेलेल्या, आणि हे गावाचे स्वराजदादा. निवडणूक तोंडावर आली होती, म्हणजे तेव्हा सगळ्यांना तसं वाटत होतं. यांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी टूम काढली की पाचशे जणांनी दादांचा मुखवटा लावून मिरवणुकीत नाचायचं. समाधान चिखलीत एका शेडमध्ये कंपन्यांचे पार्ट ठेवायचे प्लॅस्टिकचे ट्रे बनवायचा. साच्यावर गरम शीट टाकायची, खालून हवा ओढून घ्यायची, की शीट साच्याला चिकटते. ट्रे होतो तर चेहरा का नाही होणार, म्हणाला.

साच्यासाठी यांच्या तोंडावर प्लास्टर थापलं. मी समोर तनुजाला मांडीवर घेऊन बसले होते, नुकताच सव्वा महिना झाला होता तिला. "दादा, अजिबात हलायचं नाही," समाधान म्हणाला. तेवढ्यात तनुजाला शिंक आली. एवढ्याशा जिवाची ती शिंक ऐकून हे प्लास्टरखाली हसले. समाधान बोंबलला, पण तोवर प्लास्टर धरायला लागलं होतं. हसू साच्यात गेलं ते गेलंच. लहानपणी विटी लागून कपाळावर पडलेला खळगाही गेला.

शीटमध्ये मात्र सगळं उतरलं नाही. साच्याला बारीक भोकं असतात, हवा त्यातून ओढली जाते. ओठांच्या कडेची आणि गालांवरची भोकं भुकटीनं बुजलेली, आणि गडबडीत कुणी बघितलं नाही. खळगा आला, नाक आलं, हसू तेवढं राहिलं. असे पाचशे नग. हे तिथंच उखडले. "हा मी आहे? तिरडीवरचा माणूस वाटतोय." कार्यकर्त्यांना एकही नग दाखवायच्या आधीच समाधाननं गोण्यांवर लाल अक्षरात रिजेक्ट लिहिलं आणि माल कोपऱ्यात टाकला.

पुढच्याच महिन्यात तो पिक्चरवाला आला. त्याला भूत पाहिजे होतं आणि भुतावर खर्च करायची ऐपत नव्हती. गोणीत हात घातला आणि डझनभर मुखवटे घेऊन गेला.

परवा त्याची मुलाखत ऐकली. म्हणे, लहानपणी तापात हा चेहरा त्याला स्वप्नात दिसला होता. कपाळावरचा खळगा म्हणजे मिटलेला तिसरा डोळा. ताथवड्याच्या एका कॉलेजात तर त्या चेहऱ्यावर दिवसभर चर्चा झाली, यंत्रांनी खाल्लेला माणूस वगैरे. विटीचं नाव कुणी काढलं नाही.

मला कुणी चर्चेला बोलावत नाही, नाहीतर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं. आमचे भाडेकरू खंडू म्हणतात, हा डिट्टो आमचा सुपरवायझर. पार्लरवाली म्हणते, माझी सासू. टीव्हीवर पिक्चर लागला तेव्हा आमच्या सासूबाई, सारजाबाई, बारीक डोळे करून म्हणाल्या, "आगं, ह्याला म्या कुटंतरी बघितलंय." शेजारी हे मोबाइल बघत भाकरी मोडत होते. मला असा ठसका लागला की ताट बाजूला सरकवावं लागलं. समोर असून ज्याला आपण दिसत नाही, असं एक तरी माणूस प्रत्येकाच्या घरात नाहीतर कंपनीत असतंच. लोक पैसे देऊन त्यालाच बघायला जातात.

आमच्या घरातला तर रोज समोर बसतो. निवडणूक आज होईल, उद्या होईल करत सहा वर्षं गेली. तेवढ्या काळात यांनी एक बारसं सोडलं नाही, एक दहावा सोडला नाही. दिवसभर हात जोडून गावाला हसायचं. घरी पोहोचेपर्यंत हसू संपलेलं. तनुजा चित्र काढून आणते, हे मोबाइलमधूनच "हूं, छान" म्हणतात. ती पोर त्या मुखवट्याला कधी घाबरली नाही. मॉलमध्ये बाकीची पोरं किंचाळत होती, आमची त्याच्या गालावरून हात फिरवत होती. मॉलवाला म्हणाला, डेरिंगबाज आहे पोरगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा नवरा भूत झाला याचं मला काही नाही. पण शिंकेला हसलेला तो माणूस मला परत पाहिजे होता. माझ्यासाठी नको, पण पोरीनं तो एकदा तरी बघावा.

मग एकदाची निवडणूक जाहीर झाली. त्याच आठवड्यात पिक्चरच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली, आणि प्रीतम नावाचा कुणी व्हिडिओवाला पहिला मुखवटा कुठं बनला ते शोधत चिखलीतल्या शेडमागून शेड पालथी घालायला लागला. यांची झोप उडाली. आजवर फ्लेक्सवाला फोटोतला खळगा पुसून टाकायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण साचा सापडला तर विरोधक प्रचारात दुसरं काही बोललेच नसते.

"तू जाऊन साचा घेऊन ये," हे म्हणाले. "तुझ्याकडं कुणाचं लक्ष जाणार नाही."

"हो," मी म्हटलं, "माझ्याकडं कुणाचंच जात नाही." ते मोबाइल बघत होते.

मी चिखलीला गेले. त्या रिजेक्ट लॉटवरचा समाधानचा राग अजून ताजा होता. "वहिनी, बारा वर्षं पास झालेला माल दिला, कुणी कुत्रं विचारत नाही. एक लॉट बिघडला, तो जगात फेमस," म्हणत त्यानं फळीवरून साचा काढला आणि फडक्यानं पुसला.

साच्यात हे अजून हसत होते. ओठांची डावी कड जरा जास्त वर, तशीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

"समाधानभाऊ, सगळी भोकं मोकळी करा. मला एक नग काढून द्या."

त्यानं टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं. शीट तापून सैल झाली, पंप घरघरला, आणि ते हसू शीटमध्ये उतरलं. समाधाननं नग साच्यावरून सोडवून उजेडात धरला. "हा त्या वेळी निघाला असता," म्हणाला, "तर ना पिक्चर चालला असता, ना काही."

घरी आल्यावर यांनी साचा परसात नेला, पालथा ठेवला आणि हातोड्यानं फोडला. उलटा करून बघितलासुद्धा नाही. मग मी पिशवीतून मुखवटा काढून हातात दिला. "हा पास झालेला नग," म्हटलं.

हे बघत राहिले. बोट आपोआप कपाळाच्या खळग्यावर गेलं. "असा होतो मी?"

"तनुजा शिंकली होती तेव्हा."

काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, मुखवटा तोंडावर धरला आणि हॉलमध्ये गेले. तनुजा जमिनीवर बसून अभ्यास करत होती. "तनू, ओळख पाहू कोण?"

पोरीनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. वही टाकून माझ्यामागं लपली आणि मोठ्यानं रडायला लागली. "मम्मी, हे कोण आहेत? त्यांना जायला सांग."

यांनी झटकन मुखवटा काढला. आतून रोजचा चेहरा बाहेर आला, घामेजलेला, सपाट. तनुजानं माझ्याआडून डोकावलं आणि तिला हायसं वाटलं. "पप्पाच आहेत," म्हणत डोळे पुसून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

खिशात मोबाइल वाजत होता, पण यांनी उचलला नाही. तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. ओठांची डावी कड थोडी हलली.

तनुजानं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड झाकलं. "पप्पा, तसं नका ना करू," म्हणाली. "मला भीती वाटते."